पाणी ग्रुपवरचा वाढदिवस

ती नोटीस आल्यापासून फोन वाजला की माझी शिलाई वाकडी जायची. हाफ पँटचा एक पाय सरळ आणि दुसरा अक्कलकोटच्या दिशेनं निघालेला. मे महिना संपत आलेला, शाळा उघडायला थोडे दिवस राहिलेले, घरात गणवेशाच्या कापडाचे गठ्ठे छताला टेकलेले, आणि मी दर पाच मिनिटांनी मशीन थांबवून फोन बघतेय. बघावं तर कुणीतरी गुलाबाचं फूल पाठवून 'शुभ दुपार' म्हटलेलं असायचं.

मी चैताली बनसोडे. कुंभारीच्या रस्त्याला आमची नवजीवन वसाहत आहे, अकरा गल्ल्यांची. घरीच दोन मशीन टाकून मी शाळांचे गणवेश शिवते. नवरा रत्नदीप एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. तीन वर्षांपूर्वी मी जेऊरला मावसबहिणीच्या हळदीला गेले आणि नेमकं त्याच दिवशी आमच्या गल्लीत पाणी येऊन गेलं. परत आले तर घरात एक तांब्या पाणी. पुढचे सहा दिवस शेजारणींकडं घागर घेऊन उभी राहिले. मला मागण्याचा भयंकर राग आहे. त्या रागातच मी फोनवर 'नवजीवन पाणी' नावाचा ग्रुप काढला.

ग्रुपचं काम एकच. पाणी कोणत्या गल्लीत किती वाजता येणार ते आधी सांगायचं. आता हे मला कसं कळायचं? इसूफचाचांमुळं. इसूफचाचा म्हणजे वसाहतीचे वॉल्वमन. सायकलच्या कॅरिअरला चार फुटी लोखंडी चावी बांधून हिंडायचे आणि रस्त्यातल्या झाकणाखालचे वॉल्व फिरवून एकेका गल्लीला पाणी सोडायचे. एकोणीस वर्षं हेच काम, आणि एकोणीस वर्षं तात्पुरते. चाचांना टाइप करायला जमायचं नाही आणि ऑफिसातून फोनवर बोलायची सोय नव्हती. म्हणून आम्ही मिसकॉल ठरवले होते. एक मिसकॉल म्हणजे तासाभरात आमच्या बाजूला पाणी. दोन म्हणजे येईल, पण करंगळीएवढं. नऊपर्यंत काहीच नाही म्हणजे आज विसरा. मिसकॉल आला की मी ग्रुपवर टाकायची, आणि तीनशे सत्त्याऐंशी घरं कामाला लागायची. कुणी कामावरून अर्धी सुट्टी घ्यायचं, कुणी शेजारच्याला किल्ली देऊन जायचं. एवढा साधा कारभार होता.

मग मागच्या वर्षी सरकारी ॲप आलं. नाव नळदूत. त्यात शिरायला चेहरा दाखवावा लागतो. पाणी कधी येणार हे विचारायला माझा चेहरा कशाला पाहिजे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. बरं, दाखवला. तर आत आमच्या वसाहतीपुढं बारा महिने तेरा काळ एक हिरवी खूण आणि शेजारी लिहिलेलं, 'पुरवठा सुरळीत, दर पाच दिवसांनी'. घरात घागरी आडव्या पडलेल्या आणि हातातला फोन हिरवागार.

मी कपडे शिवणारी बाई. अंदाजानं कापड कापत नाही, आधी माप घेते. मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी तारखा लिहायला लागले. पाणी किती वाजता आलं, किती वेळ होतं, मागच्या खेपेनंतर कितव्या दिवशी आलं. आणि टेकावर जे नवे बंगल्यांचे प्लॉट झालेत तिथं कधी सोडलं, तेही. तिथल्या घरांत धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका आमच्याच गल्लीतल्या, त्या सांगायच्या. आठ महिन्यांनी सगळं एका पानावर मांडलं. आमच्याकडं सातव्या दिवशी, कधी आठव्या. प्लॉटवर एक दिवसाआड. फोटो काढून ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत ते पान सगळ्या शहरात फिरलं, कुणीतरी त्याच्यावर बातमीचा व्हिडिओही केला. मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

बारा दिवसांनी फोनवरच नोटीस आली.

पाण्याच्या ऑफिसात मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला. समोर साहेब, आणि बाजूला चौकडीच्या शर्टातला एक माणूस लॅपटॉप उघडून बसलेला. तो कोण हे कुणी सांगितलं नाही. साहेब फार गोड बोलत होते.

"ताई, पाणी यायच्या आधी तासभर तुम्हाला कसं कळतं?"

"अंगात येतं माझ्या," मी म्हटलं.

चौकडीचा शर्ट हसला नाही. त्यानं ते टाइप केलं बहुतेक.

"साहेब, माझं पान चुकलंय का? चुकलं असेल तर दाखवा. मी वही आणलीय."

"खरं का खोटं, हा प्रश्नच नाही ताई. माहिती अधिकृत आहे का, हा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "आता पाण्याची माहिती फक्त ॲपवरून द्यायची, असा आदेश आहे. उद्या कुणी अफवा पसरवली, टाकीवर गर्दी झाली, तर जबाबदार कोण? ॲडमिन. म्हणजे तुम्ही."

त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. ग्रुपची नोंदणी करायची. ऑफिसचा एक ऑपरेटर ग्रुपवर ॲडमिन म्हणून घ्यायचा. आणि आतली खबर देणाऱ्याचं नाव सांगायचं. त्यासाठी पंधरा दिवस. वहीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही, आणि मला त्याचाच राग सगळ्यात जास्त आला.

घरी आले तर रत्नदीप दारात उभा. "नाव सांगितलंस?"

"नाही."

"मग ग्रुप बंद कर. पाणी काय, येईल तेव्हा येईल."

"तू भरतोस का?"

तो वाईट माणूस नाही, घाबरट आहे. त्या पंधरवड्यात मीही काही वेगळी नव्हते. नाव सांगायचं नाही हे पक्कं होतं, कारण यंदा इसूफचाचांचं नाव कायम होणाऱ्यांच्या यादीत आलं होतं. एकोणीस वर्षांनी. यादीवर सही व्हायची राहिली होती. आता नाव फुटलं तर यादी गेली आणि चावीही गेली. हे मला माहीत होतं, चाचांना माहीत होतं, आणि साहेबांना फक्त नाव माहीत नव्हतं.

मी अकराही गल्ल्या पायी फिरले. फोनवर लिहायचं नाही म्हणून तोंडानं सांगितलं, "चाचांचं नाव ग्रुपवर कुणी घ्यायचं नाही. काहीही झालं तरी." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यानं माझं समाधान होईना. ग्रुपवर कुणाकुणाचे नंबर आहेत ते वाचत बसले. ज्यांच्या घरी मी डोहाळजेवणाला गेलेय त्या बायकांबद्दलसुद्धा मनात यायला लागलं, ही तर फोटो काढून पाठवत नसेल? शेवटी मी ग्रुपला कुलूप घातलं. फक्त ॲडमिन लिहिणार, बाकीच्यांनी वाचायचं.

तिसऱ्या दिवशी धुळाप्पा आले. धुळाप्पा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे जुने गिरणी कामगार. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण माणूस अजून पहाटेच्या पाळीला उठतो आणि उठल्या उठल्या सगळ्यांना सूर्योदयाचा फोटो पाठवतो. ते दारातच उभे राहिले.

"चैताली, माजा मेसेज जाईना गं. फोन बिघडला का काय?"

"फोन नाही बिघडला आप्पा. मीच बंद केलंय. थोडे दिवस."

"मंजी आमी बोलायचं न्हाय?"

"जरा जपून राहायला पाहिजे आता."

धुळाप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "त्या ॲपात बी तेच हाय की. ते सांगतंय, आमी ऐकायचं. मग त्या ॲपात आन तुज्यात फरक काय ऱ्हायला?"

मला असा राग आला की मी मशीन सुरू करून टाकलं, म्हणजे त्यांनी जावं. ते गेले. पण ते वाक्य काही गेलं नाही. कॉलर शिवताना, भाकरी थापताना, अंग टाकलं तरी तेच. पाचव्या दिवशी मी कुलूप काढलं. काढताना लिहिलंसुद्धा, 'ग्रुप सगळ्यांचा आहे, सगळ्यांनी बोला.' आणि तोंडानं परत सांगून आले, नाव तेवढं नको.

एक जूनला सकाळपासून माझं डोकं नुसतं भणभणत होतं. दुसऱ्या दिवशी पंधरा दिवस संपत होते. फोन वाजला की मशीन थांबायचं, नाही वाजला तर वाटायचं बंद पडला का. दुपारी बाराला मी वैतागून फोन बंद केला आणि पिठाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. तीन तास मी माणसासारखी शिवत बसले. बावीस कॉलर झाल्या. एकही शिलाई वाकडी गेली नाही.

तीन वाजता फोन काढला. पीठ पुसलं. सुरू केला तर तो थांबेचना, वाजत राहिला.

एक जून म्हणजे आमच्याकडं अर्ध्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस. ज्यांची जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नव्हती, त्यांना शाळेत घालताना मास्तरांनी सरसकट एक जून लावून टाकला. तीच तारीख पुढं रेशनकार्डावर, आधारवर, सगळीकडं. धुळाप्पांचाही एक जूनच. म्हणून ते दरवर्षी वसाहतीतल्या सगळ्या एक जूनवाल्यांची यादी करून शुभेच्छा देतात, फुलं, दिवे, केक सगळं लावून. आणि नुसतं नाव लिहून त्यांचं भागत नाही. प्रत्येकाचं कर्तृत्व लिहितात. यंदा सतरा जण होते. नऊ नंबरला इसूफचाचांचा फोटो, सायकल आणि चावीसकट, आणि खाली ठळक अक्षरांत:

'पाणी सुटण्याआधी चैतालीताईंना न चुकता मिसकॉल देऊन संपूर्ण वसाहतीची निःस्वार्थ सेवा करणारे, आपल्या सर्वांचे लाडके इसूफभाई शेख यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.'

त्याखाली दोनशे तेरा माणसांनी हात जोडले होते. कुणी लिहिलं होतं, 'चाचा आहेत म्हणून पाणी आहे.' कुणी, 'खरा हिरो.' ज्या बायकांनी मला नाव घेणार नाही म्हणून वचन दिलं होतं, त्यांनीही केक पाठवला होता. वाईट हेतू एकाचाही नव्हता, अगदी एकाचाही.

मी ते सगळ्यांसाठी पुसून टाकलं. पुसताना कळत होतं की उपयोग नाही. मग धुळाप्पांच्या घरी जाऊन अशी ओरडले की गल्ली जमा झाली.

"नाव घ्यायचं नाही म्हटलं होतं ना मी? किती वेळा सांगितलं?"

धुळाप्पांच्या तोंडाला अजून केकचं क्रीम लागलेलं होतं. "अगं, पन ते पान्याच्या बातमीत न्हाय घ्यायचं म्हनलीस की तू," ते म्हणाले. "वाढदिवसाला मानसाचं नाव न्हाय घ्यायचं तर काय घ्यायचं?" त्यांना खरंच कळत नव्हतं. कळलं तेव्हा ते ओट्यावर मटकन बसले आणि त्यांनी टोपीत तोंड लपवलं. मी मागं फिरले. फोन पिठात मी टाकला होता आणि कुलूपही मीच काढलं होतं.

संध्याकाळी अकबरीचाची आल्या, इसूफचाचांच्या बायको. त्या आत आल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "आफिसातून फोन आला हुता. उद्या ह्यांनी चावी घिऊन यायचं म्हनत्यात." मग जरा थांबून, "तुला बी बोलावलंय म्हनं. काय तरी कर, बेटी. एकोनीस वर्सं लई हुत्यात गं."

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा इसूफचाचा ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले होते, आणि त्यांची चावी आत साहेबांच्या टेबलाला टेकून ठेवलेली. टेबलावर आमच्या ग्रुपचे छापलेले कागद. दोनशे तेराच्या दोनशे तेरा शुभेच्छा, रंगीत. केकसुद्धा छापला होता.

"नाव सांगायची आता गरज नाही, ताई," साहेब म्हणाले. आवाज तसाच गोड. "इसूफ शेख यांनी कार्यालयीन माहिती बाहेर दिली. यादी सोडाच, आजपासून कामावर ठेवता येणार नाही."

"माणसाला पाणी कधी येणार हे सांगितलं, साहेब. काय बॉम्बचा पत्ता दिला का?"

"पण एक मार्ग आहे." त्यांनी एक टाइप केलेला कागद माझ्यापुढं सरकवला. "मलाही म्हाताऱ्याचं वाईट करायचं नाही. बघा, खोटी माहिती ही काही कार्यालयीन माहिती नसते. तुमच्या वेळा, तुमचं ते पान, हे जर तुम्ही आपल्या मनानंच केलेलं असेल, तर त्यांनी बाहेर काहीच दिलं नाही. मिसकॉल काय, चुकूनही लागतात."

मी कागद वाचला. 'ग्रुपवर टाकलेल्या वेळा व तक्ता मी अंदाजाने केलेला असून तो चुकीचा आहे. त्यामुळे नागरिकांत गैरसमज पसरला. ग्रुप मी स्वखुशीने बंद करत आहे.' खाली माझं नाव आधीच छापलेलं.

"त्या दिवशी म्हणाला होतात, खरं का खोटं हा प्रश्नच नाही," मी म्हटलं.

"आज आहे," साहेब म्हणाले.

पिशवीत माझी वही होती. आठ महिने, एकही दिवस न चुकवता. ताप आला होता तेव्हाही रत्नदीपला ओट्यावर उभं करून वेळ लिहून घेतली होती. मी खिडकीतून बाहेर बघितलं. इसूफचाचा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. चावी नसताना हातांचं काय करायचं ते त्यांना समजत नव्हतं. मी सही केली. कुणाला वाचवताना इतकी लाज वाटते हे मला माहीत नव्हतं.

चावी मीच उचलून बाहेर आणली. वाटलं होतं, चाचा हसतील.

"काय लिवलंस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. शक्य तेवढं सौम्य करून.

"मंजी मी खोटं सांगत हुतो?"

"तसं नाही चाचा. फक्त कागदावर."

"कागदावर माजा वाढदिवस बी एक जूनला हाय," चाचा म्हणाले. "तेवढं एकच खोटं हुतं कागदावर. आता दोन झाली." त्यांनी चावी सायकलला बांधली, दोरीला तीन गाठी मारल्या आणि माझ्याकडं न बघता निघून गेले.

ऑफिसनं दुसऱ्याच दिवशी माझा सहीचा कागद शहरातल्या सगळ्या ग्रुपांवर सोडला. 'अफवा पसरवल्याची ॲडमिनची कबुली' असं वर लिहून. लोक हसले ते एक वेळ सोसलं असतं. पण पुढच्या आठवड्यात जे व्हायला लागलं ते मला सोसेना. दुकानात, दळणाच्या रांगेत माणसं बोलायची, "पाचव्याच दिवशी येत असंल की. आपल्यालाच वाटतंय लई दिवस झाले." ज्यांनी माझ्यासमोर सातव्या दिवशी रिकामे हंडे आपटले होते तीच माणसं. एकीनं तर मला विचारलं, "तू लिवून दिलंस मंजी तसंच असंल ना?" मी घरी येऊन वही काढली आणि तारखा परत मोजल्या. मोजताना एकदा मलाही वाटून गेलं की माझंच चुकलंय की काय. मग स्वतःचीच इतकी चीड आली की वही गणवेशाच्या गठ्ठ्याखाली कोंबून ठेवली.

ग्रुप नाही, मिसकॉल नाही. आता पाण्याच्या आशेनं माणसं दोन-दोन दिवस घरात अडकून पडायची. इसूफचाचा आमच्या गल्लीत यायचे, वॉल्व फिरवायचे, जायचे. मी दारात असले तर मान खाली घालून. यादीवर सही होणार, असं अकबरीचाची सांगून गेल्या. सांगतानाही त्यांचा चेहरा काही फुलला नव्हता. "घरात बोलंनात," म्हणाल्या. "नुसतं बसत्यात."

एकोणीस जूनला सकाळी दहाच्या सुमाराला नळ फुसफुसला आणि पाणी आलं. मी मशीन सोडून पळाले, पाइप लावला, पहिली बादली भरली. तेवढ्यात बाहेर गलका झाला. वाटलं भांडण असेल. ओट्यावर येऊन बघते तर गल्लीच्या तोंडाशी, समाजमंदिराच्या पांढऱ्या भिंतीपुढं माणसं जमलेली आणि इसूफचाचा भिंतीकडं तोंड करून उभे. डाव्या हातात गेरूचा डबा. वॉल्वच्या झाकणांवर नंबर घालायला ते ठेवतात तो. ब्रशनं, एकेक अक्षर कोरल्यासारखं, ते लिहीत होते.

'१९ जून. सकाळी १०. सात दिवसांनी. प्लॉटवर काल पण होतं.'

यादी. सही. मी तशीच भरलेली बादली उचलली आणि धावले. गेरू ओला होता, एका बादलीत गेला असता. गर्दीतून वाट काढत पुढं गेले तर चाचा खाली आणखी काही लिहीत होते. ते लिहून बाजूला झाले. 'इसूफ शेख, वॉल्वमन.'

"चाचा, सरका. मी पुसते. अजून कुणी बघितलं नाही ऑफिसातलं. सरका ना!"

ते सरकले. अगदी सहज, दारातून कुणाला वाट द्यावी तसे. पहिल्यांदाच, सतरा दिवसांनी, त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"पूस की," ते म्हणाले. "आज पानी हाय. सात दिवसांनी आलंय."

बादली माझ्या हातात जड झाली होती. थोडं पाणी पायावर सांडलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मागं धुळाप्पा फोन हातात धरून उभे होते. पण त्यांनी फोन वर केला नव्हता. ते विचारत होते, अगदी हळू आवाजात, "चैताली, ह्याचा फोटू काढू का गं? का नको?"

मी काही बोलायच्या आत चाचाच म्हणाले, "काढा की आप्पा. नाव दिसंल असा काढा. आदी बी माजंच नाव घेतलं हुतं तुमी, काय चुकीचं न्हवतं केलं."

धुळाप्पांनी फोटो काढला. मग दुसऱ्यांनी. दुपारपर्यंत ऑफिसातून फोन येणार हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं, आणि यादीचं काय होणार तेही. मी बादली खाली ठेवली. चाचांच्या हातातला ब्रश मागून घेतला. त्यांनी डबा पुढं धरला. त्यांच्या नावाखाली जागा कमी होती, म्हणून मला खाली बसून लिहावं लागलं.

'बरोबर आहे. माझा कागद खोटा होता. चैताली बनसोडे.'

घरात नळ चालूच राहिला होता. पाइप तसाच जमिनीवर पडला असणार, पाणी ओट्यावरून गल्लीत यायला लागलं होतं. कुणीतरी ओरडलं तेव्हा मी भरायला पळाले.